एफवायचे पहिले सत्र: मन रुळणे आणि गुण मिळणे यांचा संबंध कसा ओळखावा, कसा सांभाळावा

मुंबईतल्या कोणत्याही पदवी महाविद्यालयात जुलै महिन्यात प्रथम वर्षाच्या वर्गात डोकावले, तर बसायला जागा नसते. गणपतीची सुटी संपून वर्ग पुन्हा भरतो तेव्हा मागची तीन-चार बाके मोकळी दिसतात, आणि पुढे सूचनाफलकावर डिफॉल्टरांची, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची, यादी लागते तेव्हा त्याच बाकांवरची नावे तिच्यात सापडतात. स्टाफरूममध्ये या घसरणीचे एकच स्पष्टीकरण दिले जाते, ते म्हणजे मुले अभ्यासच करत नाहीत. हिशेबशास्त्र शिकवताना मीही बरीच वर्षे हेच म्हणत आले. पण ज्या विद्यार्थ्यांना बोलावून, हजेरीपट आणि गुण समोर ठेवून, एकेक आठवडा मागे जात चौकशी केली, त्यांच्यापैकी बहुतेकांची गोष्ट आळसापासून सुरू होत नव्हती. वर्गात बोलायला कोणी नव्हते म्हणून चाचणीची बदललेली तारीख कळली नाही. चाचणी बुडाली म्हणून त्या विषयाच्या तासाला बसण्याची लाज वाटू लागली. दोन आठवडे तास चुकवल्यावर फळ्यावरचे काहीच कळेना, आणि मग अभ्यास खरोखरच सुटला.

नव्या जागेत न रुळलेले मन गुणांवर परिणाम करते, हे सगळ्यांनाच ढोबळपणे मान्य असते. माझे म्हणणे थोडे अधिक नेमके आहे. एकटेपणा किंवा धास्ती स्वतः उत्तरपत्रिकेत येऊन गुण कापत नाही. ती न कळलेली तारीख, न विचारलेली शंका, न झालेली झोप अशा अगदी रुक्ष, किरकोळ गोष्टींमार्फत कापते. त्यामुळे दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागते. पुढचे सारे लेखन प्रथम वर्षात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना उद्देशून आहे. पालकांसाठी आणि माझ्यासारख्या शिक्षकांसाठी शेवटाकडे थोडे वेगळे लिहिले आहे.

आधी संबंध नीट समजून घ्या

विद्यार्थी शिक्षण मध्येच का सोडतात, याचा विचार करताना अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये असे मांडले, की विद्यार्थी अभ्यासक्रमात किती मिसळला आणि तिथल्या माणसांत किती मिसळला, या दोन्हींवर त्याचे टिकणे अवलंबून असते. पुढे रॉबर्ट बेकर आणि बोहदान सिरिक यांनी महाविद्यालयात रुळणे मोजण्यासाठी ६७ विधानांची प्रश्नावली तयार केली आणि तिचे चार भाग पाडले: अभ्यासाशी जुळणे, माणसांशी जुळणे, मनाची व शरीराची स्थिती, आणि आपण निवडलेल्या संस्थेशी व शिक्षणाशी असलेली बांधिलकी. ही विभागणी मला वर्गात फार उपयोगी पडली आहे, कारण "माझे लक्ष लागत नाही" असे सांगणारा विद्यार्थी या चारपैकी नेमका कुठे अडला आहे, हे विचारता येते. एखाद्याला अभ्यास झेपतो, मित्रही आहेत, पण वडिलांच्या हट्टाने घेतलेली शाखाच मनातून नको असते. त्याला वेळापत्रक आखून देऊन काहीही साधत नाही.

तिसरे उदाहरण ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचे. त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासभराच्या एका कामात गुंतवले. आपण इथले नाही असे सुरुवातीला जवळजवळ सर्वांनाच वाटते आणि काळाबरोबर ते ओसरते, असे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव त्यांना वाचायला दिले आणि त्याविषयी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितले. त्यानंतरच्या ३ वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण, ज्यांना हे काम दिले नव्हते अशा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपेक्षा सुधारलेले आढळले. हा प्रयोग अमेरिकेतल्या एका निवडक विद्यापीठातला आहे आणि कसाऱ्याहून लोकलने येणाऱ्या मुलाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही त्यातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: "मला इथे परके वाटते" या भावनेचा अर्थ "मी इथे नालायक आहे" असा लावला, की माणूस प्रयत्नच सोडतो, "सगळ्यांना वाटते, मलाही वाटते आहे" असा लावला, तर तो दुसऱ्या दिवशी वर्गात येतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाया कच्चा असेल तर तो मैत्रीने भरून निघत नाही; आणि संबंध उलट दिशेनेही चालतो, म्हणजे आधी गुण कमी पडतात आणि मग माणूस माणसे टाळू लागतो. कोणते आधी झाले, हे पाहिल्याशिवाय उपाय करू नये.

पहिले काम: गळती शोधा

वर्ग सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले, की सलग ७ दिवस रोज रात्री वहीच्या मागच्या पानावर पाच ओळी लिहा. आज किती तासांना हजर होतो? वर्गातल्या कोणाशी अभ्यासाविषयी एक तरी वाक्य बोललो का? काय अडले, आणि ते कोणाला विचारले? काल किती वाजता झोपलो? आणि दिवसातल्या कोणत्या क्षणी इथून निघून जावेसे वाटले? उत्तरे लांबवू नका. "नाही", "कोणालाच नाही", "१ वाजता" एवढे पुरते.

आठव्या दिवशी पान एकदम वाचा. आसनगावहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला असे पान आणून दाखवले होते. त्याची स्वतःची खात्री होती की आपली बुद्धीच कमी पडते. पानावर मात्र वेगळेच दिसत होते: सकाळचा साडेसातचा माझा तास आठवड्यात तीनदा बुडाला होता, महाविद्यालयानंतर तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करत असल्याने झोपायला रोज साडेबारा-एक होत होता, आणि दुसऱ्या प्रश्नापुढे सातही दिवस रेघ ओढलेली होती. बुडलेल्या तासाला काय झाले, हे विचारण्याइतकी ओळख वर्गात एकाशीही नव्हती. बुद्धीचा प्रश्न त्या पानावर कुठेच नव्हता. दुकानातली वेळ त्याला बदलता आली नाही, कारण घरात त्या पैशांची गरज होती. पण बुडलेला तास त्याच दिवशी कोणाकडून तरी मिळवणे त्याच्या हातात होते, आणि आम्ही तेवढ्यापासूनच सुरुवात केली.

प्रवासाचा हिशेब मांडा

कर्जत, कसारा किंवा पालघरकडून येणाऱ्याचा जाण्यायेण्यात दिवसाला ४ तास सहज जातात. सहा दिवसांचे २४ तास होतात, म्हणजे आठवड्यातला एक अख्खा दिवस आणि रात्र. दादरला राहणाऱ्या मित्राचे अभ्यासाचे वेळापत्रक उतरवून घेण्यात म्हणूनच अर्थ नसतो. ते पाळता येत नाही आणि न पाळल्याचा अपराधीपणा तेवढा उरतो.

गर्दीच्या डब्यात पुस्तक उघडता येत नाही, पण आठवता येते. कालच्या तासाला काय झाले, हे पुस्तक न पाहता मनात मांडत गेल्याने ते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा अधिक काळ लक्षात राहते, असे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ मधल्या प्रयोगांत दिसून आले. तेव्हा ठाण्यापर्यंत एक प्रकरण आठवायचे आणि अडलेला मुद्दा उतरल्यावर वहीत पाहायचा, असा नेम ठेवता येतो. त्याच मार्गावरचा वर्गातला एक जण शोधला आणि परतीची एकच गाडी ठरवली, तर सोबतही होते आणि उजळणीही. परतताना मात्र दमलेले असाल तर डोळे मिटून बसा. दिवसभराच्या धावपळीत तेवढीच स्वस्थता मिळते आणि ती अभ्यासाच्या नावाखाली घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सोबती, एक शिक्षक, एक जागा

खूप मित्र असणे म्हणजे रुळणे, ही समजूत सोडून द्या. अबोल स्वभावाच्या मुलामुलींवर या समजुतीचे विनाकारण दडपण येते. पहिल्या सत्रापुरते पाहिले तर तीन गोष्टी पुरतात.

पहिली म्हणजे ज्याला "आज काय झालं?" असे विचारता येईल असा वर्गातला एक जण. मुंबईच्या महाविद्यालयांत याची एक खास अडचण आहे. कनिष्ठ महाविद्यालयापासून तिथेच शिकलेल्यांचे कंपू आधीच जमलेले असतात, ते कट्ट्यावर बसलेले असतात, आणि बाहेरून आलेल्याला वाटते की इथे आता जागाच उरलेली नाही. त्या कंपूत शिरण्याची धडपड करू नका; तुमच्यासारखाच बाहेरून आलेला, एकटा बसणारा शोधा. प्रात्यक्षिकाची तुकडी, ग्रंथालयाची रांग, रेल्वे पासाच्या कन्सेशनसाठी कार्यालयाच्या खिडकीपुढे लागलेली रांग या ओळख होण्याच्या उत्तम जागा आहेत, कारण तिथे बोलायला विषय आपोआप मिळतो. "तू कुठून येतोस?" हे मुंबईत कधीही न चुकणारे पहिले वाक्य आहे. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसा. आठवडाभरात क्रमांकांची देवघेव झाली आणि "मी नसेन तेव्हा तू मला नोट्स पाठव, तू नसशील तेव्हा मी पाठवेन" असा करार झाला, की काम झाले. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात आपण आहोत का, हेही वर्गप्रतिनिधीला विचारून घ्या. पहिल्या महिन्यात उशिरा प्रवेश मिळालेली कितीतरी मुले त्या गटात नसतात आणि त्यांना ते माहीतही नसते.

पैशांचा संकोच इथे फार आड येतो. कँटीनला सगळ्यांबरोबर गेले की खर्च होतो, म्हणून मुले "मला काम आहे" असे सांगून मधली सुटी एकटी काढतात, आणि बाकीच्यांना वाटते की यालाच आपल्यात यायचे नाही. घरचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर बसावे आणि "मी डबा आणलाय, तुम्ही घ्या" असे सरळ सांगावे. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे होते, तिसऱ्या दिवशी कोणी तरी डब्यात हात घालतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर वेळेत भरणे आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे का ते तपासणे, हेही मी अभ्यासाचेच काम समजते, कारण अडकलेल्या शिष्यवृत्तीची काळजी ऐन परीक्षेत डोके वर काढते.

दुसरी गोष्ट म्हणजे नावाने ओळखणारा एक शिक्षक. शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गात आम्हाला सर्वांची नावे लक्षात राहत नाहीत, हे कबूल करायला हवे. पण जो विचारायला येतो त्याचे राहते. तास संपल्यावर दारात गाठा आणि "मॅडम, काही कळलं नाही" असे म्हणण्याऐवजी "घसाऱ्याची रक्कम काढण्यापर्यंत कळलं, ती ताळेबंदात कुठे दाखवायची तिथे अडलं" असे सांगा. पहिल्या वाक्यावर शिक्षक "पुन्हा वाच" एवढेच म्हणू शकतो. दुसऱ्यावर त्याला उत्तर द्यावेच लागते. अनेक महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक शिक्षक नेमून दिलेला असतो. तो कोण, हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा.

तिसरी गोष्ट जागेची. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, रात्री दहापर्यंत टीव्ही, आणि नातेवाइकांकडे राहत असाल तर दिवा लावायचाही संकोच, या परिस्थितीत घरी अभ्यास होत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये. वरळीच्या अभ्यास गल्लीत कैक वर्षे आसपासची मुले रस्त्याच्या दिव्याखाली वाचत आली, ती घरी जागा नव्हती म्हणूनच. आपल्या भागातली अभ्यासिका शोधा, महाविद्यालयाच्या वाचनकक्षाची वेळ पाहा, आणि रोज एकाच ठिकाणी, शक्यतो एकाच खुर्चीवर बसा. तिथे नियमित येणाऱ्या अनोळखी माणसांशी मान हलवण्यापुरती ओळख झाली, तरी "माझी इथे एक जागा आहे" ही भावना तयार होते.

भाषेची भिंत

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी हा भाग सर्वांत महत्त्वाचा मानते, आणि याच ठिकाणी माझ्या हातून एक चूक झालेली आहे.

दापोलीकडच्या एका गावातून आलेली, भांडुपला मामाकडे राहणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती. ट्रायल बॅलन्सवर मी तिला प्रश्न विचारला, ती गप्प उभी राहिली, आणि मी सर्वांसमोर म्हणाले की बारावीचा साधा भाग येत नसेल तर कॉमर्सला आलीस कशाला. ती पुढचे ९ दिवस वर्गात आली नाही. नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळले, की बारावीला तिला या विषयात चांगले गुण होते. मी तिला बोलावले, कागद पुढे केला आणि मराठीत विचारले, "तेरीज म्हणजे काय?" तिने न अडखळता सांगितले आणि उदाहरण सोडवूनही दाखवले. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे सारे तिला येत होते. जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्स शीट ही तीच माणसे वेगळ्या कपड्यांत आली होती आणि तिने त्यांना ओळखले नव्हते. मी तिची माफी मागितली. तिचे न समजणे शब्दांपुरते होते, पण सर्वांसमोर झालेल्या शोभेने ते "मला येत नाही" असे होऊन बसले, आणि तिथून गैरहजेरीपर्यंत जायला एक दिवसही लागला नाही.

यावर आम्ही दोघींनी काढलेला उपाय साधा होता. दोनशे पानी वहीत प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे वर्गात ऐकलेला इंग्रजी शब्द देवनागरीत, ऐकू आला तसा लिहायचा, कारण स्पेलिंग शोधत बसले की पुढचे वाक्य निसटते. उजवीकडे त्याच संध्याकाळी शाळेत शिकलेली मराठी संज्ञा लिहायची: इलॅस्टिसिटी ऑफ डिमांडसमोर मागणीची लवचिकता, डिमिनिशिंग मार्जिनल युटिलिटीसमोर घटती सीमांत उपयोगिता. उजवी बाजू कोरी राहिली, तर तो शब्द खरोखर नवा आहे आणि तो शिकायचा आहे. तिच्या पहिल्या महिन्याच्या वहीत उजवी बाजू बहुतेक भरलेली होती. आपल्याला जेवढे वाटते त्यापेक्षा बरेच अधिक येते, हे तिला त्या वहीने दाखवले. मी सांगून तिने ते मानले नसते.

कला आणि वाणिज्य शाखांच्या अनेक विषयांत उत्तरपत्रिका मराठीतून लिहिण्याची मुभा असते. आपल्या विषयात ती आहे का, हे विभागात विचारून पहिल्याच महिन्यात निर्णय घ्या आणि निम्मे सत्र द्विधेत काढू नका. इंग्रजीतून लिहिणार असाल तर रोज एक परिच्छेद स्वतःच्या वाक्यांत लिहून पाहा. वर्गात इंग्रजीतून विचारायची भीती वाटते म्हणून शंका दाबून ठेवणे हा सर्वांत महाग पडणारा पर्याय आहे, मराठीतून विचारा. मुंबईतले बहुसंख्य शिक्षक ती समजतात, आणि ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी शेजारचा सोबती आहेच.

घरची ओढ, तुलना आणि परीक्षेची धास्ती

गावाहून आलेल्यांना पहिले दोन महिने घराची तीव्र आठवण येते. यात दुबळेपणा काही नाही, पण तिची वेळ ठरवून घ्यावी लागते. दिवसातून पाच वेळा फोन केला की मन दिवसभर तिथेच राहते. रात्री जेवणानंतरची एक वेळ ठरवा आणि मनसोक्त बोला. कोकणातल्या मुलांसाठी एक वेगळी सूचना: महाविद्यालयाची सुटी गौरी-गणपतीच्या चार-पाच दिवसांची असते, गावाची मात्र अनंत चतुर्दशीपर्यंत चालते, आणि सुटीच्या मागेपुढेच अंतर्गत चाचण्या येतात. पदवीच्या नव्या रचनेत अनेक अभ्यासक्रमांत १०० पैकी ४० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. गावाला जरूर जा, त्याने मन ताजे होते. पण परतीचे तिकीट काढण्यापूर्वी चाचणीची तारीख लेखी स्वरूपात पाहा आणि न राहवून मुक्काम वाढलाच तर शिक्षकांना आधी कळवा.

तुलनेचा त्रास दहावी-बारावीला पहिल्या पाचांत असणाऱ्यांना अधिक होतो. इथे वर्गातली निम्मी मुले आपापल्या शाळेत पहिल्या पाचांतली असतात आणि तरी त्यांतली पाचच जणे पहिल्या पाचांत येऊ शकतात, हे गणित कोणी समजावून सांगत नाही.

काळजीने गुण कसे जातात, याचे उत्तर बरेचसे लक्षाच्या मर्यादेत आहे. एखादे उदाहरण सोडवताना आकडे, नियम आणि पुढची पायरी हे सारे एकाच वेळी ज्या पाटीवर मांडावे लागते, ती मनाची पाटी लहान असते. "नापास झालो तर घरी काय सांगू" या विचाराने तिच्यावर जागा अडवली, की येणारे उदाहरणही चुकते. जेरार्डो रमिरेझ आणि सियान बायलॉक यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत, परीक्षेच्या आधी १० मिनिटे मनातली धास्ती कागदावर उतरवणाऱ्या, विशेषतः मुळात परीक्षेला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. परीक्षागृहाबाहेर उभे राहून "तुझं ते प्रकरण झालं का?" अशा चौकशा ऐकत बसण्यापेक्षा कोपऱ्यात बसून एक पान लिहिणे आणि ते फाडून टाकणे निश्चित बरे. आदल्या रात्रीच्या जागरणाबद्दल नवीन सांगण्यासारखे काही नाही. सगळ्यांना कळते आणि कोणी पाळत नाही.

मंडळ एकच निवडा

एकांकिकेचा चमू, मराठी वाङ्मय मंडळ, क्रीडासंघ, राष्ट्रीय सेवा योजना यांपैकी एकात जरूर सामील व्हा. वर्गात न बोलणारी मुले नेपथ्य उचलताना किंवा शिबिरात भाजी चिरताना बोलू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम असते, म्हणजे वेळेचा अंदाज आधीच घेता येतो. नाटकाच्या आणि फेस्टिव्हलच्या तालमींचे तसे नसते. त्या रात्री अकरापर्यंत चालतात आणि "आजच्या दिवस" करत महिना जातो. फेस्टिव्हलच्या तीन समित्यांत नाव दिलेला, सगळ्या महाविद्यालयाला ओळखीचा असलेला विद्यार्थी चार विषयांत केटी घेऊन, म्हणजे नापास होऊन, बसल्याचे दृश्य दुर्मीळ नाही. माणसांत मिसळणे गुणांना पोषक असते ते एका मर्यादेपर्यंतच, आणि ही मर्यादा ओळखायची खूण म्हणजे हजेरी. ती ७५ टक्क्यांकडे घसरू लागली, की दुसऱ्या कामाला नाही म्हणायला शिका.

पहिले गुण हातात आल्यावर

पहिल्या चाचणीचे गुण हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत नाजूक क्षण असतो, कारण इथूनच अनेकांची पाठ फिरते. २० पैकी ६ मिळाले, तर पहिली प्रतिक्रिया त्या शिक्षकाला टाळण्याची असते. त्याच्या नेमके उलट करा आणि दोन दिवसांच्या आत उत्तरपत्रिका पाहायला मागा. प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक खूण करा: आलेच नव्हते, येत होते पण मांडता आले नाही, किंवा वेळ पुरला नाही. पहिल्याला अभ्यास लागतो, दुसऱ्याला लिहिण्याचा सराव, तिसऱ्याला घड्याळ लावून सोडवलेली जुनी प्रश्नपत्रिका. "अजून मेहनत कर" या सल्ल्याने यांपैकी कोणताच रोग बरा होत नाही.

सत्रान्त परीक्षेत काही विषय राहून एटीकेटी लागली, तर पुढच्या वर्गात जाण्यासाठी किती विषयांपर्यंत सवलत आहे, पुनर्परीक्षेचा अर्ज कधी भरायचा आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांची मुदत काय आहे, हे परीक्षा विभागातून लेखी घ्या. मित्रांनी सांगितलेल्या नियमांवर विसंबू नका. नियम बदलतात आणि ऐकीव माहितीत जुनेच फिरत राहतात. आणि घरी सांगा. लपवलेल्या केटीचे ओझे केटीपेक्षा मोठे असते.

केव्हा मदत मागायचीच

वरचे सारे उपाय नेहमीच्या अवघडलेपणासाठी आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, छातीत धडधड होऊन लोकलमध्ये चढताच येत नसेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर ते रुळण्याच्या पलीकडचे आहे आणि तिथे वेळापत्रक उपयोगाचे नाही. महाविद्यालयाच्या समुपदेशकाकडे जा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे, त्यामुळे "आमच्याकडे तशी सोय नाही" हे उत्तर तुम्ही मुकाट्याने स्वीकारण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास आणि विनाशुल्क चालतो, आणि तिथे मराठीतून बोलता येते. रॅगिंगचा त्रास असेल तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे.

पालकांना एवढीच विनंती, की संध्याकाळी मूल घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" याऐवजी "आज कोणाबरोबर बसला होतास?" असे विचारून पाहावे. या प्रश्नाला महिनाभर एकही नाव आले नाही, तर गुण येण्याची वाट पाहत बसू नये. शिक्षकांनी पहिल्या दोन आठवड्यांत बाकांवरच्या जागा एकदा-दोनदा बदलाव्यात, चाचणीची तारीख तोंडी न सांगता फळ्यावर आणि गटावर लिहावी, आणि सलग तीन तास न दिसलेल्या विद्यार्थ्याची चौकशी त्याच्या शेजाऱ्याकडे करावी. यादी लागण्याची वाट पाहिली, तर तोवर उशीर झालेला असतो.

दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होते तेव्हा काही विषय बदलतात, खुल्या निवडीच्या विषयासाठी वेगळ्याच वर्गात बसावे लागते आणि पहिल्या सत्रातला सोबती तिथे असेलच असे नाही. तेव्हा सात दिवसांचे पान पुन्हा एकदा लिहा आणि पहिल्या सत्राच्या पानाशेजारी ठेवून वाचा. आसनगावच्या त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या पानावर झोपेची वेळ तशीच होती आणि सकाळचे दोन तास तेव्हाही बुडालेले होते. फक्त दुसऱ्या प्रश्नापुढच्या सात रेघांपैकी पाचांच्या जागी एकच नाव लिहिलेले होते, आणि बुडालेल्या दोन्ही तासांच्या नोट्स त्याच्या वहीत त्याच तारखेला उतरवलेल्या होत्या.